जहाजाच्या नोंदवहीची साक्ष

१४९२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १० तारखेस कोलंबसाची तीन जहाजे अटलांटिक महासागरात पश्चिमेकडे चालली होती. कॅनरी बेटे आदल्याच दिवशी दृष्टीआड झाली होती आणि पुढे काय आहे याची कोणालाच खात्री नव्हती. त्या एका अहोरात्रात जहाजांनी ६० लीग अंतर तोडले, असा कोलंबसाचा हिशेब होता. परंतु खलाशांना त्याने ४८ लीगच सांगितले. प्रवास लांबला तर माणसांनी धीर सोडू नये, हा त्यामागील हेतू. त्याची मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. लास कासास नावाच्या धर्मोपदेशकाने तिचा जो सारांश करून ठेवला, त्यावरून ही हकीकत आपणांस कळते. काही अभ्यासक म्हणतात की यात फसवणूक नव्हतीच; निरनिराळ्या मापांच्या लीगांत मांडलेले ते दोन हिशेब होते. ते काहीही असो, गंमत अशी की कोलंबस आपला वेग नेहमी जास्तच धरी. त्यामुळे खरे म्हणून त्याने स्वतःजवळ ठेवलेले आकडे चुकीचे निघाले आणि खलाशांना सांगितलेले उणे आकडेच वस्तुस्थितीला अधिक जवळचे ठरले!

श्रोतेहो, जहाजाच्या नोंदवहीचा इतिहास सांगू लागलो की ही गोष्ट मला प्रथम आठवते, कारण या वहीचा मूळ पेच तीत पुरता उतरला आहे. जमिनीवर एखादी घटना घडली तर शेजारीपाजारी असतात, पंच बोलावता येतात, पंचनामा होतो. समुद्रावर पंच कोठून आणावयाचे? तेथे जे घडले ते जहाजावरच्या चार माणसांनी पाहिलेले असते आणि त्यांपैकी ज्याच्या हाती लेखणी, त्याचेच हितसंबंध बहुधा त्या नोंदीत गुंतलेले असतात. विमा कंपनी, मालाचा धनी, बंदराचा अधिकारी, बुडालेल्या खलाशाची विधवा, या साऱ्यांना सत्य हवे असते. आणि ते ज्या वहीत शोधावयाचे ती वही आरोपीच्याच हातची असते.

इंग्रजीत या वहीला ‘लॉग’ म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ठोकळा. दोरीला बांधलेली लाकडी फळी पाण्यात टाकावयाची, सुमारे अर्ध्या मिनिटाची वाळूची घडी उलटी करावयाची आणि तेवढ्या अवधीत दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजावयाचे, अशी वेग काढण्याची जुनी रीत होती. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. मोजलेला आकडा प्रथम पाटीवर खडूने लिहीत आणि मग सवडीने वहीत उतरवून घेत. १८७२ सालच्या डिसेंबरच्या प्रारंभी ‘मेरी सेलेस्ट’ नावाचे शिडाचे जहाज अटलांटिकमध्ये निर्मनुष्य स्थितीत तरंगताना सापडले. त्याच्या वहीतील शेवटची नोंद २४ नोव्हेंबरची होती, तर पाटीवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा मजकूर होता. माणसे गेली ती गेलीच. मागे राहिले ते खडूचे चार शब्द. पण ते त्या क्षणी लिहिलेले होते. पाटीवरचे वहीत येईपर्यंत मध्ये जो काळ जातो, त्यात सोयीस्कर विचार करावयास माणसाला पुरेशी उसंत मिळते.

या पेचावर पहिला चांगला उपाय इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने काढला. तिचे राज्य आपणांस प्रिय असण्याचे कारण नाही. परंतु दप्तर ठेवण्यात ही मंडळी वाकबगार होती. कंपनीच्या जहाजांवर कप्तान आपली रोजनिशी ठेवी आणि त्याचे प्रमुख अधिकारीही आपापल्या स्वतंत्र रोजनिश्या लिहीत. सफर संपली की त्या साऱ्या लंडनच्या कचेरीत जमा होत. एकाच वादळाचे वर्णन तीन हातांनी लिहिलेले असले म्हणजे कोणी काय दडविले ते ताडून पाहता येते. १७७९ मध्ये कंपनीने अलेक्झांडर डॅलरिंपल यास जलालेखक नेमले. या रोजनिश्या चाळून सागराचे नकाशे सिद्ध करणे हे त्याचे काम. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याकडे येणाऱ्या पुढच्या जहाजांना या नकाशांनी किती खडकांवरून वाचविले असेल, याची कल्पनाच करावी. त्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत अद्याप जपून ठेवलेल्या आहेत आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हिंदी महासागरावर वारे कसे वाहत होते हे आज हवामानशास्त्रज्ञ त्यांतून काढीत आहेत. एखाद्या दुय्यम अधिकाऱ्याने पगार मिळावा म्हणून कंटाळत लिहिलेली ‘वारा नैर्ऋत्य, मध्यम’ अशा स्वरूपाची नोंद आपल्या मान्सूनच्या अभ्यासाला उपयोगी पडत आहे, हे कळले असते तर तो बहुधा थक्क झाला असता.

खाजगी व्यापारी जहाजांवर मात्र अशी शिस्त नव्हती. तेथे कायद्याला हात घालावा लागला. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये ‘अधिकृत नोंदवही’ सक्तीची केली आणि १८९४ च्या व्यापारी जहाजांविषयीच्या कायद्यात तिचे नियम पक्के झाले. ते नियम मुळातून वाचण्याजोगे आहेत. घटना घडली की शक्य तितक्या लवकर नोंद करावी; त्याच दिवशी झाली नाही तर घटना कधी घडली आणि नोंद कधी केली, या दोन्ही तारखा लिहाव्यात. जहाज अखेरच्या बंदरात पोहोचल्यानंतर चोवीस तास उलटले की प्रवासातील घटनेची नोंद करता येणार नाही. प्रत्येक नोंदीखाली कप्तानाबरोबर दुसऱ्याही एकाची सही हवी. वही नष्ट करणे, फाडणे, खोटी नोंद करणे हा गुन्हा. आपल्या देशाच्या १९५८ च्या कायद्यातही अधिकृत नोंदवहीची तरतूद याच वळणावर केलेली होती.

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे नियम वाचताना ओळखीचे वाटतात. टिपणीच्या पानाला क्रमांक घालावयाचा, खाडाखोड केली तर तेथे सही करावयाची, मागील तारीख घालावयाची नाही. हे सारे आम्हांस नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवितात. आणि हे का शिकवितात, ते पुढील वर्षांत आपोआप कळत जाते.

कायदा झाला म्हणजे पळवाट संपली असे नव्हे. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराच्या चळवळीमुळे १८७६ मध्ये जहाजाच्या कुशीवर भाराची मर्यादा दाखविणारी खूण काढणे सक्तीचे झाले. रेघ पाण्याखाली गेली की समजावे, माल जास्त भरला आहे. पण रेघ कोठे काढावयाची हे त्या कायद्याने मालकावरच सोपविले! एका कप्तानाने ती थेट धुरांड्यावर रंगवून कायद्याची थट्टा केली, असे सांगतात. रेघेची जागा सरकारने ठरवून देण्यास १८९० साल उजाडावे लागले.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे येऊ, कारण या इतिहासाला येथे नवे वळण मिळाले. जहाजाच्या इंजिनाखाली तळाशी तेल आणि पाणी मिसळून साचत राहते. यास बिल्ज म्हणतात. ते रीतसर यंत्रातून गाळून काढावे आणि पाण्यात तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांपेक्षा अधिक नसेल तरच ते समुद्रात सोडावे, असा मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचा दंडक आहे. १९७३ व १९७८ साली सिद्ध झालेला हा करार १९८३ च्या ऑक्टोबरात अंमलात आला. प्रत्येक वेळी किती पाणी, कोठे, कोणत्या यंत्रातून सोडले, याची नोंद ‘तेल नोंदवही’त करावयाची, प्रत्येक कृतीखाली संबंधित अधिकाऱ्याची आणि प्रत्येक पानाखाली कप्तानाची सही. गाळण्याच्या यंत्राला वेळ लागतो, गाळण्या बदलाव्या लागतात, बंदरात गाळ उतरवून द्यावयाचा तर पैसे मोजावे लागतात. म्हणून काही जहाजांवर यंत्राला वळसा घालून तेलकट पाणी थेट समुद्रात सोडणारा एक पाइप गुपचूप जोडला जाऊ लागला. खलाशांच्या भाषेत त्याला ‘जादूचा पाइप’ म्हणतात. पाइपातून घाण बाहेर आणि वहीत सारे निर्मळ!

खुल्या समुद्रात तेल सोडल्याचा खटला चालविणे हे प्रामुख्याने जहाज ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचे काम; आणि तो देश पुष्कळदा दूरचा व उदासीन असतो. अमेरिकेने यावर मोठी चतुर तोड काढली. तेल कोठेही सांडलेले असो, त्या जहाजाने आमच्या बंदरात येऊन खोटी तेल नोंदवही आमच्या अधिकाऱ्यापुढे ठेवली तर तो गुन्हा आमच्या हद्दीत घडला, असे तिचे न्यायशास्त्र आहे. म्हणजे शिक्षा होते ती बहुधा घाणीबद्दल नव्हे, खोट्या नोंदीबद्दल. त्या नोंदीखाली सही असते ती एखाद्या इंजिन अधिकाऱ्याची. जगभरच्या जहाजांवर भारतीय दर्यावर्दी मोठ्या संख्येने आहेत. आपल्या कोकणपट्टीतील कितीतरी घरांतील मुलगे त्यांत आहेत. वरिष्ठाने ‘एवढे लिहून टाक’ म्हटले आणि यांनी लिहिले, तर पणाला लागते ती यांची नोकरी, यांचा परवाना आणि प्रसंगी यांचे स्वातंत्र्य.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले प्रकरण ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजाचे. २०१३ च्या ऑगस्ट महिन्यात या जहाजाने इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे २३ मैलांवर ४,२२७ गॅलन, म्हणजे सोळा हजार लिटरच्या आसपास तेलकट पाणी जादूच्या पाइपातून समुद्रात सोडले. चौकशीत असे निष्पन्न झाले की हा उद्योग २००५ पासून चालू होता. २०१६ च्या डिसेंबरात प्रिन्सेस कंपनीने सात गुन्हे कबूल केले आणि चार कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. जहाजाने हेतुपुरस्सर केलेल्या प्रदूषणाबद्दलचा तोवरचा तो सर्वांत मोठा दंड होता. या प्रकरणातील एक तपशील मी मुद्दाम मागे ठेवतो आहे. त्याकडे शेवटी वळावयाचे आहे.

कागदी वहीवर विश्वास राहिला नाही, तेव्हा यंत्राकडे पाहणे स्वाभाविक होते. तेल नोंदवही विजकीय स्वरूपात ठेवण्यास १ ऑक्टोबर २०२० पासून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दरम्यान, जहाजाने किती इंधन जाळले याचा हिशेब देणे युरोपच्या बंदरांसाठी २०१८ पासून आणि पाच हजार टनांवरील जहाजांसाठी जगभर २०१९ पासून बंधनकारक झाले. आणि २०२४ पासून युरोपात त्या आकड्यावर प्रत्यक्ष पैसे भरावे लागत आहेत. पूर्वी नोंदीतील खोटेपणा अपराध लपविण्यासाठी असे; आता प्रत्येक टनामागे त्याला भाव आला. आणि संगणकातील आकडा तर कागदावरील आकड्यापेक्षा बदलावयास सोपा. त्यावर खोडल्याची खूणही उरत नाही.

येथे ब्लॉकचेन हा शब्द पुढे येतो. या शब्दाभोवती अलीकडे नाण्यांच्या सट्ट्याचा एवढा गोंगाट झाला आहे की त्याची मूळ कल्पना किती साधी व किती जुनी आहे हे विसरले जाते. मराठी इतिहासाच्या वाचकाला तर ती समजावयास कठीण जाऊ नये. शिवकालीन मोडी पत्राच्या अखेरीस एक लहान मोर्तब उठविलेले आढळते. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी एक ओळ घुसडली तर ती बनावट समजावी, हा त्याचा अर्थ. आपण आजही ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो ते येथूनच. पत्र लांब असले तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडाच्या पाठीवर शिक्का असा मारीत की त्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या बंदावर पडावा. मधला एक बंद काढून दुसरा चिकटविला की शिक्क्याचे अर्ध जुळत नाहीत.

संगणकातील हा जोडावरचा शिक्का स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. कोणताही मजकूर, मग तो एका ओळीचा असो वा हजार पानांचा, एका विशिष्ट गणिती कृतीतून काढला की ठराविक लांबीची एक अंकमाला हाती येते. तिला हॅश म्हणतात. आपण तिला ठसा म्हणू. मजकुरातील एक अनुस्वार बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. आजच्या नोंदीचा ठसा काढताना कालच्या नोंदीचा ठसा तीत मिसळावयाचा, उद्याच्या नोंदीत आजचा. अशी साखळी झाली म्हणजे मागील एका नोंदीला हात लावताच पुढचे सारे जोड निखळतात.

पण ज्याच्या तिजोरीत साखळी आहे, त्याने ती सगळीच नव्याने घडविली तर? या प्रश्नाला त्या दोघांनी दिलेले उत्तर मला फार आवडते. त्यांनी काढलेली कंपनी १९९५ पासून आठवडाभराच्या ठशांचा मिळून एकच ठसा करून तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. आता खोटेपणा करावयाचा तर लाखो घरांत आणि ग्रंथालयांत गेलेले अंक परत गोळा करणे आले! २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा मांडणारा जो टाचणवजा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन या जोडीच्या कामाचे होते. वर्तमानपत्राऐवजी परस्परांवर विश्वास नसलेल्या अनेक संगणकांवर तीच साखळी ठेवावयाची, एवढा त्यात फरक. कंपनीच्या जहाजावर तीन अधिकाऱ्यांच्या तीन रोजनिश्या होत्या, त्याच कल्पनेचे हे नवे रूप.

जहाजापुरते बोलावयाचे तर इंजिनाचे फेरे, इंधनाचा प्रवाह, जहाजाचे स्थान यांची यंत्रांनी घेतलेली मोजमापे काढताक्षणीच ठशाने बांधावयाची आणि तो ठसा मालक, तपासणी संस्था, बंदर व विमा कंपनी या सर्वांकडे एकदम पोचवावयाचा, अशी ही योजना आहे. पाटी आणि वही यांच्यामधला तो धोक्याचा काळ यात नाहीसा होतो. १८९४ च्या कायद्याने चोवीस तासांची मुदत घातली होती. येथे ती काही सेकंदांवर येते. कनिष्ठ अधिकाऱ्यालाही यात संरक्षण आहे. त्याने खरे लिहिले तर ते पुढे कोणी त्याच्या नावावर बदलू शकत नाही.

व्यवहारात मात्र ही वाट सरळ गेलेली नाही. मर्स्क आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाची ब्लॉकचेनवरील व्यवस्था उभारली. ती इंजिनाच्या नोंदींसाठी नव्हे, मालाच्या कागदपत्रांसाठी होती. २०२२ च्या नोव्हेंबरात ती बंद करीत असल्याचे त्यांनी जाहीर केले. गणित चुकले नव्हते. साऱ्या व्यवसायाचे जे सहकार्य अपेक्षित होते ते मिळाले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात आपली वही ठेवावयास कोण तयार होणार?

आणि आता तो मागे ठेवलेला तपशील. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’च्या इंजिनखोलीत जादूच्या पाइपातून घाण बाहेर जात असता त्याच वेळी गाळण्याच्या रीतसर यंत्रणेतून समुद्राचे स्वच्छ पाणी फिरविले जात होते. कशासाठी? तर यंत्राने आपल्या विजकीय नोंदीत ‘नियमाप्रमाणे पाणी सोडले’ असे लिहावे म्हणून. यंत्राने खोटे लिहिले नाही. त्याच्यापुढून जे गेले ते स्वच्छच होते आणि त्याने तेच नोंदविले. ही नोंद ब्लॉकचेनमध्ये बांधली असती तर ती अक्षरशः अभेद्य झाली असती, जगातील दहा संगणकांवर जशीच्या तशी राहिली असती आणि खोटीच असती. मोर्तबाने मजकुराची मर्यादा राखली जाते. मजकुरात काय लिहिले याची हमी मोर्तब देत नाही. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांची स्थाननिदर्शक यंत्रे जहाजे समुद्रात असताना किनाऱ्यावरच्या एका विमानतळाचे स्थान दाखवू लागली होती. ती नोंदही कोणी साखळीत बांधली असती, तर जहाजे विमानतळावर उभी असल्याचा अढळ पुरावा निर्माण झाला असता!

मला वाटते, सिंगापूरने या बाबतीत अधिक व्यवहारी मार्ग धरला. तेथे जहाजांना इंधन विकताना पूर्वी टाकीत मोजपट्टी सोडून पातळी पाहत. इंधनात हवा फुंकली की फेस येऊन पातळी वर चढे आणि विकत घेणाऱ्याच्या पदरी बुडबुडे पडत. कॉफीच्या फेसावरून या लबाडीला ‘कॅपुचिनो’ असे नाव पडले होते. १ जानेवारी २०१७ पासून सिंगापूरने इंधनाचे वस्तुमान मोजणारे मोहोरबंद मापक सक्तीचे केले. आधी माप सुधारले आणि विजकीय पावत्यांची व्यवस्था मागाहून, २०२५ मध्ये, सार्वत्रिक केली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे, आणि बहुधा सर्वत्रच, संगणक आधी येतो आणि वजनकाटा तपासावयाचे राहून जाते.

‘कॅरिबियन प्रिन्सेस’चे बिंग कोणत्याही यंत्राने फोडले नाही. नुकताच नोकरीस लागलेला एक कनिष्ठ अभियंता होता. त्याने तो पाइप पाहिला, जहाज साउथॅम्प्टनला लागताच नोकरी सोडली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे जाऊन सारे सांगितले. वरिष्ठांनी लगबगीने पाइप काढून टाकला व हाताखालच्यांना खोटे बोलण्यास फर्माविले. परंतु पाइप जागेवर असतानाचे छायाचित्र आणि तो नाहीसा झाल्यानंतरचे छायाचित्र, अशी दोन्ही ब्रिटिशांमार्फत अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या हाती आधीच पडलेली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने दंडाच्या रकमेतून दहा लक्ष डॉलर त्या अभियंत्याला देवविले.